चिखलवाटांसाठी फोर बाय फोर एटीव्ही: काय पाहून घ्यायची

एटीव्ही घ्यायला निघालेला माणूस बहुधा सगळ्यात आधी सीसी विचारतो. ४५० घ्यावी की थेट ८५०? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. इंजिनात दम नाही म्हणून गाडी चिखलात अडली, असं फार क्वचित होतं. इंजिन जोरात ओरडत असतं, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. पोचली तर टायर जमीन धरत नाही. हे दोन्ही जमलं तरी गाडीचं पोट टेकलेलं असतं आणि चाकं नुसती गाळ घुसळत राहतात. म्हणून मी आधी वाट पाहतो, मग ताकद चाकापर्यंत नेणारी यंत्रणा, मग टायर. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

इथे एटीव्ही म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसायची हँडलवाली गाडी. शेजारी-शेजारी सीट आणि गोल स्टिअरिंग असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं असतं, त्यात शिरत नाही.

पहिली पायरी: आपला चिखल ओळखा

एक कमरेइतकी लांब काठी घ्या आणि जिथे गाडी चालवायची आहे त्या वाटेवर जाऊन ती चिखलात खुपसा. गाडी पाहायला जाण्याआधी हे करा.

काठी सहज आत गेली आणि वीत-दीड वीत खाली टणक तळ लागला, तर तो पातळ चिखल. इथे टायरने गाळ कापून तळापर्यंत पोचायचं असतं. अरुंद आणि खोल दात्यांचे टायर अशा जागी उत्तम चालतात.

काठी जड जाते, वर काढताना पच्‌ असा आवाज येतो आणि तिला माती चिकटून येते, तेव्हा ती चिकण माती समजा. हिचा त्रास वेगळा. टायरच्या दात्यांमधल्या फटी दोन-चार फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. इथे दाते एकमेकांपासून लांब हवेत आणि चाक वेगाने फिरवून माती झटकून टाकण्याइतकी ताकद हवी. जास्त सीसीचा खरा उपयोग होतो तो अशा मातीत.

आणि काठी जातच राहिली, तळ लागलाच नाही, तर ती दलदल. तिथे खोल दात्यांचा टायर गाडीला खाली खणत नेतो. रुंद टायर, कमी हवा, हलकी गाडी आणि हळू हात, एवढंच तिथे कामी येतं. जड ताकदवान गाडी अशा जागी सगळ्यात आधी रुतते.

काठी परत आणताना वाटही नीट बघा. झाडं किती जवळ आहेत, वळणं किती आवळ आहेत, चढ किती, दगड किती. नेहमीच्या एटीव्हीची रुंदी साधारण ४६ ते ४९ इंच असते. काही वाटांवर रुंदीची मर्यादाही असते. अमेरिकेतल्या अनेक जंगलवाटांवर ती ५० इंच आहे. टायर बदलून किंवा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, लावून गाडी रुंद केली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

मग स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारा. दहा फेऱ्यांपैकी खऱ्या खोल चिखलाच्या किती? दोन-तीनच असतील, तर बाकीच्या सात-आठ फेऱ्यांना सोसेल अशी गाडी घ्या.

दुसरी पायरी: चारातली किती चाकं खरोखर ओढतात?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाडीवर फोर बाय फोर लिहिलेलं असतं, पण चिखलात तीनच चाकं ओढत असण्याची शक्यता बरीच असते.

बहुतेक फोर बाय फोर एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाकं एकमेकांना पक्की जोडलेली असतात, ती एकत्रच फिरतात. खरा प्रश्न पुढच्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा. साध्या उघड्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो किती असेल हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. डावं चाक बुळबुळीत गाळात असेल तर ते गरगर फिरतं आणि उजवं कोरड्या दगडावर असूनही ढिम्म उभं राहतं. हे टाळण्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे उपाय केले आहेत, आणि चालवताना त्यांतला फरक हाताला कळतो.

यामाहाच्या ग्रिझलीत बटण दाबलं की टू व्हील, फोर व्हील आणि मग पूर्ण डिफ लॉक असे तीन टप्पे येतात. लॉक केलं की पुढची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, हँडल जड होतं, पण गाडी काय करणार हे आधीच ठाऊक असतं. चिखलासाठी मला हाच प्रकार सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण रुतण्याआधी लॉक करता येतं.

पोलारिसच्या गाड्यांत मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जास्त फिरू लागली की पुढची दोन्ही आपोआप जोडली जातात. चालवणाऱ्याला विचार करावा लागत नाही. पण मागचं चाक घसरल्याशिवाय पुढचं कामाला लागत नाही, हे लक्षात ठेवा. उतारावर इंजिनाने गाडी रोखताना साध्या मॉडेलमध्ये पुढच्या चाकांची मदत मिळत नाही; त्यासाठी उतारावर चारही चाकं रोखणारी सोय असलेलं मॉडेल पाहावं लागतं.

कॅन-ॲमच्या व्हिस्को-लॉकमध्ये पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त फिरलं की आतल्या घट्ट द्रवाचा दाब वाढतो आणि लॉक बसतं. काम चोख होतं, पण क्षणभर चाक फिरू द्यावं लागतं, आणि दलदलीत तो क्षणही महाग पडतो. कावासाकीच्या ब्रूट फोर्स ७५० मध्ये हँडलवरचा लिव्हर ओढून पुढचं डिफरन्शियल हवं तेवढं आवळता येतं. होंडाच्या रँचरमध्ये पुढे मर्यादित घसरणीचं डिफरन्शियल आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला थोडा जोर देणारं. वाटेवर ते छान वागतं, हँडल हलकं राहतं. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्याची मर्यादा कळते.

विकणारा काय सांगतो यावर विसंबू नका, चाचणी करा. सपाट जागी फोर व्हील लावून गाडी थोडी पुढे-मागे घ्या म्हणजे यंत्रणा बसेल. मग पार्किंग गिअरमध्ये टाकून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून, पुढचा भाग जॅकवर घ्या आणि एक पुढचं चाक हाताने फिरवा. दुसरं चाक सहज उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल उघडं आहे. उलटच, पण जोर लावल्यावर फिरलं, तर मर्यादित घसरणीचं. लॉक लावलेल्या गाडीत चाक जागचं हलणार नाही. घसरल्यावरच जोडलं जाणाऱ्या प्रकारांना ही चाचणी लागू पडत नाही. त्या गाड्या एक चाक खड्ड्यात ठेवून चालवूनच पाहाव्या लागतात.

तिसरी पायरी: बेल्ट की गिअर

आजच्या बहुतेक एटीव्ही सीव्हीटीवर, म्हणजे बेल्टवर चालतात. दोन पुल्या आणि मध्ये रबरी पट्टा. गिअर बदलायचा नसतो, एक हात आणि निम्मं लक्ष मोकळं राहतं. पण बेल्टचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि पाणी.

उष्णता बहुतेक वेळा आपणच तयार करतो. चिखलात, चढावर किंवा सावकाश चालवताना हाय गिअर ठेवला की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. तो वास एकदा आला म्हणजे बेल्टचं आयुष्य कमी झालं. लो गिअर त्यासाठीच असतो, आणि चिखलात शिरायच्या आधी तो लावायचा, मध्यावर पोचून नव्हे. पाणी आत गेलं तर बेल्ट नुसता घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. घेताना कव्हरच्या तळाशी पाणी सोडायचा बूच आहे का आणि तो हाताला लागतो का, हे बघा. पाणी सोडून न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं रेस केलं की बेल्ट बराचसा कोरडा होतो.

यामाहाच्या बेल्ट यंत्रणेत बेल्ट सतत ताणलेला राहतो, त्यामुळे झीज कमी होते आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक चारही चाकांना मिळतो. होंडाने मात्र रँचरसारख्या गाड्यांत खरे गिअर ठेवले आहेत, पायाने किंवा बटणाने बदलायचे, काहींमध्ये आपोआप बदलणारे. जळायला बेल्टच नाही. ज्यांना एकट्याने लांब जायचं आहे, दुरुस्तीची सोय जवळ नाही, त्यांनी ही बाजू नीट तोलून पाहावी. चिकण मातीत चाकाचा वेग एकसारखा राखणं गिअरच्या गाडीला थोडं कठीण जातं, तेवढी तडजोड करावी लागते.

चौथी पायरी: पोट आणि मागचा ॲक्सल

मागच्या बाजूला दोन प्रकार येतात. एकात मागचा ॲक्सल अखंड, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. साधा, दणकट, वळणावर कमी झुकणारा. पण त्याचा सगळ्यात खालचा भाग मध्ये लोंबतो. जुन्या गाड्यांच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर तोच नांगरासारखा अडतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मागचं चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. पोटाखालची जागा सलग राहते, चांगल्या गाड्यांत ती ११ ते १२ इंच असते. दगडधोंड्यांतही बसायला सुसह्य. मोबदल्यात सांधे जास्त, सांध्यांतले बुश जास्त, सांधे झाकणारे रबरी बूट जास्त, म्हणजेच देखभाल जास्त.

चिखल आणि चाकोऱ्या हे मुख्य काम असेल, तर माझा कौल स्वतंत्र सस्पेन्शनला. पोटाखाली पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या संरक्षक प्लेटा हव्याच, आणि त्या पुढून मागे सलग हव्यात.

पाचवी पायरी: टायर

टायरवर २५×८-१२ असं लिहिलेलं असतं. २५ ही उंची, ८ ही रुंदी आणि १२ हा रिमचा व्यास, सगळं इंचांत. कारखान्यातून येणारे टायर बहुधा सगळीकडे थोडे-थोडे चालतील असे असतात, दाते पाऊण इंचाच्या आसपास. खऱ्या चिखलाच्या टायरचे दाते १ इंचापासून २ इंचांच्या पुढेही जातात. कडक वाटेवर तेच टायर थरथरतात, हँडल थकवतं आणि दाते लवकर झिजतात. दहापैकी सात फेऱ्या वाटेच्या असतील तर १ इंचाच्या आसपासचे, दाते लांब-लांब असलेले टायर पुरे होतात.

मोठ्या टायरचा मोह सगळ्यांना होतो, त्याचं गणित समजून घ्या. २५ ऐवजी २८ इंची टायर लावला की पोटाखाली फक्त दीड इंच वाढतो, कारण निम्मी वाढ वरच्या बाजूला जाते. पण गाडीचा गिअर जवळपास १२ टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, आणि जमिनीवर मिळणारा जोर सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. शिवाय टायर जड. तो सगळा भार बेल्ट, ॲक्सल आणि सांध्यांवर येतो. एकेक इंच वाढवला तर बहुतेक गाड्या सोसतात. त्यापुढे जायचं तर क्लचच्या, म्हणजे बेल्टच्या पुल्यांच्या, स्प्रिंग आणि वजनंही बदलून घ्या, नाहीतर आधी बेल्ट जाईल आणि मग ॲक्सल.

टायरमधली हवा एटीव्हीत फार कमी असते, साधारण ५ ते ७ पीएसआय. मोटारीसाठीचं मापक इथे कामाचं नाही, कमी दाब नीट दाखवणारं वेगळं मापक घ्या. गाडीवर चिकटवलेल्या पट्टीत लिहिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून उतरतो.

सहावी पायरी: गाडी श्वास कुठून घेते

इंजिनाला आणि बेल्टच्या कव्हरला हवा लागते, आणि ती आत येण्याची तोंडं किती उंचीवर आहेत ते सीट काढून स्वतः बघा. हात घालून नळ कुठवर जातो ते चाचपा. बहुतेक कंपन्यांची सूचना असते की पाणी पायदानाच्या वर जाऊ देऊ नका. ती सूचना या तोंडांमुळे आणि डिफरन्शियल, गिअरबॉक्सच्या श्वासनळ्यांमुळे, म्हणजे त्यांतली हवा आत-बाहेर होणाऱ्या नळ्यांमुळे, असते. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटरही इथेच तपासा. तो पुढे खाली असेल तर चिखलाचा थर बसून इंजिन तापतं. दलदलीसाठीच बनवलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ कॅन-ॲम आऊटलँडरच्या एक्स एमआर प्रकारात, हवेचे नळ कारखान्यातूनच उंच नेलेले असतात, रेडिएटर वर बसवलेला असतो आणि २८ ते ३० इंची टायर असतात. असा चिखल हेच तुमचं काम असेल तर साधी गाडी घेऊन बदल करत बसण्यापेक्षा ही वाट स्वस्तात आणि निर्धोक पडते.

आता सीसी आणि वजन

४०० ते ५७० सीसीची गाडी एका माणसाला वाटेवर आणि मध्यम चिखलात भरपूर होते. ७०० च्या आसपास गेलात की चिकण मातीत चाक मोकळं करण्याइतकी ताकद हाताशी येते. वाट आणि चिखल दोन्ही सारखं असणाऱ्यांना मी हीच मर्यादा सुचवेन. त्यापुढच्या गाड्या मोठ्या टायरसाठी आणि सरावलेल्या हातासाठी. वजन साधारण २७० पासून ४०० किलोपर्यंत जातं. ही गाडी रुतली तर ती तुम्हालाच काढायची आहे.

पॉवर स्टिअरिंग चैनीची वस्तू समजू नका. डिफ लॉक लावल्यावर आणि चाकोरीत चाक आपटल्यावर मनगटं त्यानेच वाचतात.

विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र, गाडीसोबतच घ्या. गाडी ३५० किलो, तुम्ही ९०, सामान ३०, मिळून ४७०. याच्या दीडपट म्हणजे ७०५ किलो, सुमारे १,५५० पौंड. हा हिशेब कोरड्या जमिनीचा. गाळ गाडीला खाली ओढून धरतो, म्हणून २,५०० पौंडांखाली जाऊ नका, ३,५०० असेल तर निश्चिंत. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या वेढ्याची असते, त्यामुळे दोर जितका जास्त सोडाल तितका जोर जास्त मिळतो. झाडाला दोर थेट बांधू नका, रुंद पट्टा वापरा, आणि ताणलेल्या दोरावर ओलं जॅकेट टाका. दोर तुटला तर तो जोरात उसळणार नाही.

जुनी गाडी घेताना

एका मित्रासाठी जुनी गाडी पाहायला गेलो होतो. बाहेरून चकचकीत, प्लास्टिकला पॉलिश, टायर नवे. सीट काढून एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरची पेटी, उघडला. फिल्टरही नवाच. पण बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर बारीक वाळलेल्या गाळाची आडवी रेघ लागली, भिंतीवर पुराच्या पाण्याची राहते तशी. मग मालकाला विचारून पुढच्या डिफरन्शियलचा बूच ढिला केला. ऑइलऐवजी दुधाळ, करडं पाणी टपकलं. गाडी आम्ही तिथेच सोडली. तेव्हापासून मी कुठलीही जुनी गाडी याच क्रमाने बघतो: एअर बॉक्सचे कोपरे, दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल, इंजिन ऑइलची काडी. यांतलं एकही दुधाळ निघालं तर पुढे बोलू नये.

त्यानंतर चाकं. प्रत्येक चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. ॲक्सलचे रबरी बूट बोटांनी उलगडून बघा, घडीतली चीर वरून दिसत नाही. फाटक्या बुटातून चिखल आत गेला की सांधा थोड्याच दिवसांत खडखडू लागतो. फ्रेमवर सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथे भेगा आणि नवं वेल्डिंग शोधा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. चेसिस नंबर कागदपत्रांशी जुळवा. नंतर लावलेले उंच नळ आणि मोठे टायर दिसले तर गाडी खोल चिखलात वापरलेली आहे हे समजा, आणि किंमत त्या हिशेबाने बोला.

चालवून पाहताना

उभं राहून चालवा. पायदानावर उभे असताना हँडल कमरेच्या आसपास सहज हाताला यावं आणि गुडघे टाकीला अडू नयेत. लो गिअरमध्ये उतारावरून थ्रॉटल पूर्ण सोडून उतरा आणि गाडी किती धरते ते बघा. ब्रेक ओले करून पुन्हा तपासा. चिखलाच्या कामात उघड्या डिस्कचे पॅड झपाट्याने झिजतात; काही गाड्यांत मागचा ब्रेक बंद पेटीत असतो, तो जास्त टिकतो.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांचे पैसे गाडीच्या पैशांतच धरा. एकट्याच्या गाडीवर मागे कुणाला बसवू नका. ९० सीसीच्या वरच्या मोठ्यांच्या गाड्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, तसा इशारा त्या गाड्यांवरच चिकटवलेला असतो. डांबरी रस्त्यावर या गाड्या नीट वळत नाहीत, कारण मागची चाकं एकत्र फिरतात आणि टायर मऊ असतात.

पहिल्या चिखलानंतर

गाडी घरी आली की त्याच दिवशी धुवा, चिखल वाळू देऊ नका. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंग, ऑइल सील आणि रेडिएटरच्या पात्यांवर थेट मारू नका. रेडिएटर मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा म्हणजे अडकलेली माती आली त्या वाटेने बाहेर जाते. सगळ्या निपलमधून नवं ग्रीस भरा आणि जुनं, मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप थांबवू नका. एअर फिल्टर काढून बघा, बेल्टच्या कव्हरचा बूच उघडा. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पुढच्या डिफरन्शियलचा खालचा बूच किंचित ढिला करून पहिले दोन-तीन थेंब बोटावर घ्या. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. थेंब स्वच्छ असेल तर बूच आवळा आणि ऑइलची पातळी बघून घ्या.